बैलगाडीनं गेलेलं पुस्तक

प्रेमिलाबाई लांजेवार स्वातंत्र्यलढ्याचं पुस्तक निवडायला बसल्या की आधी त्यात कोणी जेवतं का ते बघायच्या. "इतके लोक भूमिगत झाले, जंगलात राहिले, आणि अख्ख्या पुस्तकात कोनालेच भूक नाही लागली?" असं म्हणत त्या पुस्तक मिटायच्या आणि परत पाठवायच्या ढिगावर टाकायच्या. मी गणिताचा मास्तर. मला ही परीक्षा सुरुवातीला पोरकट वाटली. मग एकदा त्या ढिगातली दोन-तीन पुस्तकं घरी नेऊन चाळली. त्यांत माणसं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती गर्जना करत होती. मी ती पुस्तकं दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं ढिगावर नेऊन ठेवली.

इतवारीत भांडे ओळीमध्ये बापूजींच्या दुकानाच्या माडीवर आमचं जागृती वाचनालय होतं. बापूजी अध्यक्ष, कारण माडी त्यांची. मी चिटणीस, कारण माझं अक्षर बरं. आणि प्रेमिलाबाई ग्रंथपाल, कारण काम करणारं कोणीतरी लागतंच. झाडणं, पुसणं, फाटक्या पुस्तकांना खळ लावणं आणि दडवून ठेवलेली पुस्तकं लोकांच्या घरातून काढून आणणं, हे सगळं त्यांच्याकडे. कोणी पुस्तक परत केलं नाही तर त्या रस्त्यावरूनच त्याला आठवण करून द्यायच्या, आणि ती आठवण पूर्ण ओळीला व्हायची.

ओळीत दिवसभर तांब्या-पितळेवर हातोडे पडायचे. त्या ठोक्यांत जन्मल्या-वाढल्यामुळे प्रेमिलाबाईंचा आवाज मुळातच मोठा. त्यांचे यजमान चंद्रभान हिंगण्याच्या कारखान्यात होते. तिकडे यंत्रांचा आवाज आणि घरी बायकोचा, त्यामुळे ते स्वतः फारसं बोलायच्या भानगडीत पडले नसावेत. पण त्यांना बायकोचं भारी कौतुक. पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून कधीकधी थेट माडीवर यायचे, कोपऱ्यात बसून तिचं वाचन ऐकायचे आणि हळूच एक डुलकी काढायचे. त्या आवाजात झोप लागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वाचन दुपारी व्हायचं. गिऱ्हाईक कमी झालं, जेवणं आटोपली की ओळीतल्या बायका, एखाद-दुसरा दुकानदार आणि सकाळची शाळा संपवून आलेला मी, असे सतरंजीवर बसायचो. ज्यांना वाचता येत नव्हतं ते यायचे, आणि ज्यांना येत होतं पण कंटाळा होता तेही यायचे. प्रेमिलाबाईंचा एक नियम होता. इतिहासाचं पुस्तक विकत घ्यायच्या आधी ते, ज्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला, त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचं. वाचताना त्यांचं अर्धं लक्ष ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे असायचं. बेचाळीसचं वर्णन चाललंय आणि कोणाला जांभई आली, तर ते पुस्तक गेलंच म्हणून समजा. कोणी मध्येच "आमच्याकडे बी असंच झालतं" म्हणून सुरू झालं, तर ते राहिलं. मात्र सगळ्यांसमोर वाचण्याआधी त्या ते घरी एकदा वाचून यायच्या. माणसांसमोर काय वाचतोय ते आपल्याला आधी माहीत पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

बहात्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. जिकडेतिकडे कमानी, भाषणं, ताम्रपट. आमच्या वाचनालयालाही स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांसाठी अनुदान मिळालं. बापूजींनी लगेच काचेचं कपाट करून घेतलं आणि त्यात काय ठेवायचं तेही ठरवून टाकलं. सीताबर्डीच्या दुकानात त्यांनी एक जाडजूड संच पाहिला होता, लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं.

"कसा दिसते तो कपाटात, पाहाच तुम्ही," बापूजी म्हणाले.

"दिसते चांगला, बापूजी. पण तो रेल्वेनं गेलेला आहे," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

बापूजींना वाटलं संच पार्सलनं कुठेतरी चुकीच्या गावी गेला. मग बाईंनी समजावलं. काही पुस्तकं रेल्वेनं जातात. मुंबई, पुणे, दिल्ली, फार तर वर्धा, जिथे गाडी थांबते तिथे लेखक उतरतो, भाषण ऐकतो आणि पुढच्या गाडीत बसतो. आणि काही पुस्तकं बैलगाडीनं जातात. ती हळू जातात, चिखलात रुततात, पण गावात शिरतात. आपल्याला बैलगाडीनं गेलेलं पुस्तक पाहिजे.

"अन् ते कपाटात कसं दिसते?" बापूजींनी विचारलं.

सीताबर्डीचा दुकानदार पसंतीवर पुस्तकं पाठवायचा. ठेवायची ती ठेवा, बाकीची परत करा. गठ्ठा आला की सगळ्यात आधी जिन्यावर पाय ओढल्याचा आवाज यायचा. तो धोंडबाचा.

धोंडबा बापूजींच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचा. कोणी लग्नात परात दिली, कोणा मामानं भाचीला घागर दिली, की देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं आणि गावाचं नाव छन्नी-हातोडीनं ठोकून द्यायचं, हे त्याचं काम. पन्नाशीचा माणूस. उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. वाचनाची वेळ झाली की त्याची हातोडी थांबायची, आणि तो जिन्याच्या वरच्या पायरीवर पाय लांब करून बसायचा. हातोडी थांबली की आम्ही समजायचो, आता सुरू करायला हरकत नाही.

गठ्ठा सुटला की त्याचा प्रश्न ठरलेला. "ताई, यात पिंपळखुटी आली का वं?"

पिंपळखुटी म्हणजे त्याचं गाव, कुहीकडचं. बेचाळीसच्या ऑगस्टात तिथल्या लोकांनी पोलीस चौकीवर झेंडा लावायचा ठरवला. झेंडा बाविशीतल्या धोंडबाच्या हाती होता. चौकीसमोर पुढारी चर्चा करत उभे राहिले, याला धीर निघाला नाही, हा झेंडा घेऊन फाटकाकडे धावत सुटला. गोळी गुडघ्यात लागली. त्याचा मित्र रुपराव भोयर यानं त्याला पाठीवर घेतलं आणि धानाच्या बांधीतून, मांडीभर चिखलातून, पार पलीकडच्या वाडीपर्यंत नेलं. पाय आखडला, जीव राहिला. पुढे शेतीचं काम होईना म्हणून तो इतवारीत आला. हे त्यानं प्रेमिलाबाईंना एकदाच सांगितलं होतं. ताम्रपटाच्या त्या वर्षात त्याला कोणी विचारलं नाही, आणि तोही कोणाच्या दारात गेला नाही.

"मले काही नाही पाहिजे, ताई," तो म्हणायचा. "दुनियेचे नावं ठोकतो मी. आमच्या गावाचं नाव बी कुठीतरी छापलं पाहिजे, बस."

बाईंनी ते मनावर घेतलं होतं. प्रत्येक पुस्तकात आधी पिंपळखुटी शोधायची. नाही सापडली की त्याच्याकडे बघून मान हलवायची. तोही मान हलवायचा, आणि तरीही बसून पूर्ण ऐकायचा. दुसऱ्यांची गावं ऐकायलाही त्याला आवडायचं.

आणि एक दिवस पिंपळखुटी सापडली.

पुण्याच्या एका लेखकाचं साध्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. हा माणूस खरंच गावोगाव हिंडला होता. शेवटी गावांची सूची होती आणि तिच्यात प च्या रांगेत पिंपळखुटी. प्रेमिलाबाईंना इतका आनंद झाला, की घरी वाचून यायचा स्वतःचाच नियम त्या विसरल्या. जिन्यातूनच त्यांनी हाक मारली, "धोंडबाभाऊ, आली. तुमची पिंपळखुटी आली." हातोडी थांबली. शेजारच्या दुकानांतलेही दोघं-तिघं हातोडे ठेवून वर आले. त्या दिवशी धोंडबाला जिन्यावरून उठवून सतरंजीवर, मधोमध बसवलं.

सुरुवात फार छान होती. गावाचं नाव, बाजूची नदी, धानाच्या बांध्या. एक म्हातारी भूमिगत पोरांना भाकर आणि अंबाडीची भाजी करून घालायची, तेही लिहिलं होतं. प्रेमिलाबाईंनी तिथे थांबून माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. धोंडबा म्हणाला, "आमची सरजाबुढी. बराबर हाय." बाईंचा आवाज आणखी चढला. मोर्चा निघाला, चौकी आली, आणि त्या वाचून गेल्या:

"निशाण धोंडबा नावाच्या तरुणाच्या हाती होते. परंतु तो निशाणासह पळून गेला व गोळीबार थांबेपर्यंत दूर राहिला."

डोक्यात अर्थ शिरेपर्यंत तोंडानं वाक्य संपवलं होतं. मोठा आवाज असण्याचा तोटा त्या दिवशी कळला. खाली ओळीतही सगळ्यांनी ते ऐकलं.

धोंडबा बाईंकडे बघत होता. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "खाली काही लिवलं असन. कोनं सांगतलं त्याईले?"

प्रेमिलाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं, निदान इतिहासाच्या पुस्तकाबद्दल तर नाहीच. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: पिंपळखुटीचे रुपराव भोयर यांनी सांगितल्यावरून.

"रुपरावनं?" धोंडबा म्हणाला. "पाठीवर उचलून नेलं त्यानं मले. अन् तोच म्हनते मी पळालो?"

तो उठला. उठायला त्याला वेळ लागायचा, त्या दिवशी फारच लागला. मी हात द्यायला गेलो तर त्यानं तो बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी वाचनाची वेळ झाली, तरी खाली हातोडी चालूच राहिली. तिसऱ्या दिवशीही. बाई वाचायच्या आणि खालून टक टक टक. त्या आवाज चढवायच्या, तर ठोकेही चढायचे. बायका एकमेकींकडे बघायच्या. खरं सांगायचं तर मला त्या लेखकाचा भयंकर राग आला होता. पुण्याहून इतक्या लांब यायचं, अंबाडीच्या भाजीपर्यंत सगळं नीट लिहायचं, आणि नेमकं जिवंत माणसाचं नाव मातीत घालायचं. बापूजींनी तर साफ सांगितलं, "परत पाठव वं ते. बिनकामाचं पुस्तक. आमच्या मानसाले पळपुटा म्हनते."

पण प्रेमिलाबाईंनी ते परतीच्या ढिगावर ठेवलं नाही, कपाटातही नाही. ते त्यांच्या टेबलावर पडून राहिलं.

"मास्तर," त्या मला म्हणाल्या, "ज्या मानसानं सरजाबुढीची अंबाडीची भाजी लिहून घेतली, तो असं उगाच कसा लिहीन? अन् रुपराव तरी काहून असं सांगन? यातलं एक काहीतरी खोटं आहे, अन् ते कोनतं हे मले समजून नाही राहिलं."

मला तरी कुठे समजत होतं.

दिवाळी झाली. दर वर्षी नवं धान निघालं, की रुपराव यष्टीच्या कंडक्टरकडून धोंडबासाठी तांदळाचं एक पोतडं पाठवायचा. पाय गेल्यानंतर धोंडबाची शेती सुटली, पण नव्या तांदळाचा भात त्याचा कधी चुकला नव्हता. त्या वर्षीही पोतडं आलं. धोंडबानं ते दुकानाच्या कोपऱ्यात तसंच ठेवलं. त्याच्या बायकोनं, कौशल्यानं, दोनदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "वापस पाठवा. त्याच्या तांदळाचा भात मले गिळनार नाही."

कौशल्या माडीवर येऊन रडली. रुपरावला अजून काहीच माहीत नव्हतं. बाईंनी डोळे पुसायला तिला स्वतःचा पदर दिला आणि खाली जाऊन म्हणाल्या, "द्या ते पोतडं. मी नेऊन देतो."

"तुम्ही काहून जाता, ताई?"

"पुस्तक मी वाचलं ना. मंग मीच जातो."

बाई रागात किंवा घाईत असल्या की "जातो, देतो" म्हणायच्या, आमच्याकडच्या पुष्कळ बायका म्हणतात. पोतडं अर्थातच मी उचललं. चिटणिसाच्या कामांत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रविवारी आम्ही कुहीला उतरलो. तिथून पिंपळखुटीला जायला त्या दिवशी काहीच नव्हतं. धानाचं तणस घेऊन निघालेली एक बैलगाडी मिळाली, तिच्यावर बसलो. रस्ताभर प्रेमिलाबाई पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, "तुमच्या परीक्षेत आता मास्तरही पास झाला म्हणायचा." त्या हसल्या नाहीत. दोन मित्र आपल्या वाचण्यामुळे तुटले, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

रुपराव खळ्यावर सापडला. उंच, वाळलेला, अंगावर धानाचा भुस्सा. पोतडं ओळखून तो आधी आमच्याकडे आणि मग पोतड्याकडे बघत राहिला. "धोंडबा बरा हाय ना जी?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"बरा आहे," बाई म्हणाल्या. "पण तुमचा तांदूळ नाही घेत."

आणि त्यांनी खळ्यावरच पुस्तक उघडलं. तणसावर बसून ती दोन वाक्यं वाचली, तळटीपही वाचली. रुपराव ऐकत होता. त्याचा चेहरा आधी कोरा राहिला, मग रागानं काळवंडला.

"कोन म्हनते मी असं सांगतलं? अंजना, ये वं इकडे. ते झोळीवाले सायेब आलते, तवा तू चहा घेऊन उभी होती का नाही? का म्हनलं होतं मी?"

अंजनाबाई, त्याची बायको, सूप खाली ठेवून आली. "त्याईनं इचारलं झेंडा कोनापाशी होता. तुम्ही सांगतलं धोंडबापाशी."

"हो. अन् मंग त्याईनं इचारलं, तो कुठी होता, काय करून राहिला होता. मी सांगतलं, सायेब, आम्ही सारे उभे होतो, अन् धोंडबा झेंडा घेऊन पळून राहिला होता."

प्रेमिलाबाईंनी पुस्तक मिटलं. माझ्याकडे पाहिलं. आणि एकदम इतक्या मोठ्यानं हसू लागल्या, की खळ्यावरचे बैल बिचकले.

आता हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगायला पाहिजे. आमच्याकडे मी जेवून राहिलो म्हणजे मी जेवतो आहे. पोरगा खेळून राहिला म्हणजे खेळतो आहे. आणि धोंडबा पळून राहिला होता म्हणजे धोंडबा पळत होता, धावत होता, त्या चौकीच्या फाटकाकडे. यात पळपुटेपणाचा वाससुद्धा नाही. पुण्याच्या कानाला मात्र ते ऐकू आलं असं: पळून गेला आणि तिकडेच राहिला. बिचाऱ्यानं इमानदारीनं त्याची शुद्ध मराठी केली. सगळा घोटाळा त्या शुद्धीनं झाला होता.

"पन मंग गोळी लागल्याचं, पाठीवर नेल्याचं नाही सांगतलं तुम्ही?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"सांगनारच होतो. तेवढ्यात कुहीच्या फाट्यावर येष्टी दिसली. दिवसाची एकच गाडी. सायेब झोळी घेऊन उठले. चहा बी तसाच राहिला." रुपरावच्याही आता सगळं ध्यानात आलं होतं, आणि त्याच्या ओठाचा कोपरा हलत होता. "ते येष्टीमागं पळून राहिले होते. आता त्याईले पळपुटे म्हनाव का मी?"

अंजनाबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. नवा भात, वांग्याचं भरीत आणि वर ताक. मला तर परत जाऊच नये असं वाटत होतं. पण रुपरावनं हात धुतले, धोतर बदललं आणि पोतडं खांद्यावर घेतलं. "चला जी. माहा तांदूळ मीच नेतो."

संध्याकाळी आम्ही भांडे ओळीत पोचलो, तेव्हा धोंडबा एका घागरीवर नाव घालत होता. रुपराव पायरीसमोर उभा राहिला. धोंडबानं वर पाहिलं नाही, पण हातोडी हवेतच थांबली.

"का गा धोंडबा," रुपराव म्हणाला, "चौकीपुढं मी उभा होतो. तवा तू काय करून राहिला होता?"

धोंडबानं छन्नी पुन्हा घागरीवर टेकवली.

"इचारून राहिलो मी. काय करून राहिला होता?"

"तुले नाही माहीत?" धोंडबा चिडून म्हणाला. "झेंडा घेऊन पळून राहिलो होतो."

"तेच सांगतलं गा मी त्या सायेबाले. शब्दानं शब्द तेच."

धोंडबानं आधी रुपरावकडे, मग प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. या वेळी आडवी नाही, उभी. धोंडबाच्या ओठांनी ते वाक्य पुन्हा एकदा हळूच म्हणून पाहिलं. पळून राहिलो होतो. मग त्यानं हातोडी घागरीत टाकून दिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो हसत होता की रडत होता ते मला आजही सांगता येणार नाही. रुपराव पोतडं पायरीवर ठेवून त्याच्या बाजूला टेकला आणि म्हणाला, "सरक थोडा. माहे बी पाय दुखून राहिले."

दुसऱ्या दिवशी दुपारी हातोडी वेळेवर थांबली.

राहिला प्रश्न पुस्तकाचा. बापूजींचं मत कायम होतं: चुकीचं पुस्तक कपाटात कशाला? सोनेरी संचात अशी चूक दाखवा.

"त्याच्यात चूक कशी होईन, बापूजी?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तो संच पिंपळखुटीले गेलाच नाही. हा मानूस गेला, बसला, चहा सोडून पळाला, म्हनून चुकला. जो जाते तोच चुकते. मले हेच पुस्तक पाहिजे."

बापूजी शेवटी, निदान त्याला लाल कापडाची बांधणी तरी करा म्हणाले. ती आम्ही केली. कपाटात बरं दिसायचं.

पुस्तकातल्या त्या वाक्यावर बाईंनी पेन्सिलनं रेघ मारली आणि समासात लिहायला घेतलं: निशाण घेऊन चौकीकडे धावत होता. धोंडबा जिन्याच्या पायरीवरून उठून जवळ आला. अक्षरं ठोकून ठोकून त्याला वाचता येत होतं, फक्त वेळ लागायचा. त्यानं बोटानं एकेक अक्षर वाचलं.

"धावत होता नका लिवू, ताई. रुपरावनं जे सांगतलं तेच लिवा."

"पुन्यावाल्याईले समजनार नाही, धोंडबाभाऊ."

"मंग समजून घेतील. इतके शिकलेले हायेत."

बाईंनी पेन्सिलनं लिहिलेलं खोडलं आणि रुपरावचंच वाक्य शाईनं लिहिलं. त्याच आठवड्यात त्यांनी लेखकाला पत्र घातलं. फार रागावून लिहिलं असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बाईंनी त्यांना आधी अंबाडीच्या भाजीबद्दल शाबासकी दिली होती. लेखक भला माणूस निघाला. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं: फार वाईट वाटलं, दुसऱ्या आवृत्तीत नक्की सुधारतो, आणि त्या दोघांची माझ्या वतीनं माफी मागा. रुपरावनं निरोप पाठवला की माफी नको, राहिलेला चहा प्यायला या.

पण इतिहासाच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणं म्हणजे काय असतं, ते वाचनालयवाल्यांना विचारा. आम्ही वाट बघितली आणि मग विसरलो. प्रेमिलाबाईंच्या चष्म्याचा नंबर वाढला. चंद्रभानना कारखान्यात बढती मिळाली, आणि माडीवरची डुलकीही थोडी लांबली. कपाटात बैलगाडीनं गेलेली आणखी पुस्तकं आली. काही साताऱ्याकडची, काही खानदेशातली, आणि एक तर चक्क बंगालमधलं, भाषांतर केलेलं, त्यात लोक मासे खात होते. बाई फार खूश होत्या त्याच्यावर. दर वर्षी दिवाळीनंतर पोतडं यायचं, आणि एकदा तर रुपराव स्वतः आला आणि धोंडबाकडून आपल्या लोट्यावर नाव घालून घेऊन गेला. धोंडबानं त्याच्यावर रुपराव भोयर, पिंपळखुटी असं ठोकलं. पिंपळखुटी जरा मोठ्या अक्षरात.

दुसरी आवृत्ती आली ती एकोणऐंशी साली. लेखकांनी एक प्रत सही करून पाठवली होती. धोंडबा आता साठीला आला होता. त्याला जिना चढवत नव्हता, म्हणून त्या दिवशीचं वाचन खाली दुकानाच्या पायरीवर झालं. बायका ओट्यावर बसल्या, बापूजी गादीवरून ऐकत होते. या खेपेला प्रेमिलाबाई घरी वाचून आल्या होत्या, एकदा नाही, पुष्कळदा, असं चंद्रभाननी मला हळूच सांगितलं.

ओळीतले हातोडे थांबले. मोर्चा निघाला, चौकी आली. बाईंनी चष्मा नीट केला.

"'आम्ही सारे उभे होतो,' रुपराव भोयर सांगतात, 'अन् धोंडबा झेंडा घेऊन पळून राहिला होता.'"

तळाशी लेखकानं त्याचा अर्थ दिला होता. पुढे गोळी होती, चिखल होता, रुपरावची पाठ होती. पण धोंडबानं हात वर करून बाईंना तिथेच थांबवलं.

"तेवढंच अजून एकदा वाचा, ताई."

त्यांनी पुन्हा वाचलं. त्याच खणखणीत आवाजात, पूर्ण ओळीला जाईल असं.

धोंडबानं आपला न वाकणारा पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला, गुडघ्यावरून हात फिरवला आणि पुस्तकाकडे बघत म्हणाला, "पाहा वं ताई. हा पाय तं केव्हाचाच गेला. पन तिथी मी अजून पळूनच राहिलो."